फुकट सल्ल्याचे पैसे कोण देतं? प्रवेशाचे सल्लागार आणि शिष्यवृत्तीचे सापळे

सीईटीचा निकाल लागला की नातेवाइकांच्या आधी अनोळखी नंबरचे फोन सुरू होतात. "सर, आपल्या मुलाला ८७ पर्सेंटाइल आहेत ना? पुण्यात कॉम्प्युटर करून देतो." आपल्या पोराचे पर्सेंटाइल यांना कळले कसे, हा प्रश्न पालकांना पडतोही, पण तोवर 'करून देतो' हे शब्द डोक्यात शिरलेले असतात. त्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर एखाद्या शिष्यवृत्तीची लिंक फिरायला लागते, कुठल्याशा हॉटेलच्या हॉलमध्ये 'मोफत प्रवेश मार्गदर्शन शिबिर' लागतं, आणि परदेशी पाठवणाऱ्या ऑफिसांच्या जाहिराती पेपरात येतात.

यातला खरा कोण आणि खोटा कोण, हे माणसाच्या बोलण्यावरून किंवा ऑफिसच्या काचेवरून ओळखायला गेलात तर फसाल. फसवणाऱ्याचं ऑफिस बहुधा जास्तच चकचकीत असतं. पैसा कुणाच्या खिशातून निघून कुणाच्या खिशात जातो, एवढं शोधा. बाकीचं चित्र त्यातून आपोआप दिसायला लागतं.

आधी हे समजून घेऊ: जागा वाटतं कोण?

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, विधी, एमबीए अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, राबवतो. या पद्धतीचं सरकारी नाव केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. बोलताना सगळे 'कॅप' म्हणतात, आणि जागावाटपाच्या प्रत्येक फेरीला 'कॅप राउंड'.

कॅपचं काम तसं सरळ आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला गुणवत्ता क्रमांक मिळतो. विद्यार्थी आपल्या पसंतीच्या कॉलेज आणि शाखांची क्रमवार यादी भरतो. मग संगणक पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यापासून सुरुवात करतो, त्याच्या यादीतला वरून पहिला मिळण्याजोगा पर्याय त्याला देतो आणि पुढच्याकडे वळतो. आरक्षण, मुलींच्या जागा, आपल्या विद्यापीठ क्षेत्रातला की बाहेरचा, हे सगळं त्यात आधीच बसवलेलं असतं. कुणाच्या ओळखीला, फोनला किंवा पाकिटाला आत शिरायला या कामात फट नाही.

मेडिकलचंही तसंच. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी, भरते आणि राज्याच्या जागा सीईटी सेल. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या नियमांनुसार सगळ्या फेऱ्या ऑनलाइनच होतात आणि कुठलंही कॉलेज स्वतःहून कुणाला प्रवेश देऊ शकत नाही. त्यामुळे 'डीनसाहेबांशी बोलणं झालंय, एमबीबीएसची सीट थेट कॉलेजातून' असं कुणी म्हणालं, तर पुढचं ऐकायची गरजच नाही. मंत्रालयाच्या शिफारशीने जागा देतो म्हणणारे आणि हुबेहूब दिसणारी बनावट वाटपपत्रं देणारे एवढे झाले की एमसीसीलाच त्यांच्यापासून सावध राहा अशा सूचना काढाव्या लागल्या.

मग एजंट जगतो कशावर? एक खिडकी उघडी आहे. खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्था आपल्या स्तरावर भरते. यालाच आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो. पण तोही मालकाच्या मर्जीचा मामला नाही. जाहिरात द्यावी लागते, अर्ज घ्यावे लागतात, अर्जदारांची गुणवत्ता यादी लावावी लागते आणि झालेल्या प्रवेशांना प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. हे प्राधिकरण आणि फी ठरवणारं शुल्क नियामक प्राधिकरण २०१५च्या राज्याच्या कायद्याने आले. ठरल्या फीच्या वर 'डोनेशन' घेणं तर महाराष्ट्रात १९८७पासून कायद्याने गुन्हा आहे.

म्हणजे एजंटला रोख दिलेले लाख-दोन लाख एकतर तुम्हाला अर्ज करून मिळालीच असती अशा जागेसाठी जातात, नाहीतर बेकायदा डोनेशनसाठी. दोन्हींची पावती मिळत नाही. 'पावती कशाला, आपला विश्वास आहे ना' हे वाक्य त्यामुळेच येतं.

'पण शेजारच्यांच्या मुलाला त्यानेच मिळवून दिली!'

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो खोटाही नसतो. शेजाऱ्यांच्या मुलाला जागा खरंच मिळालेली असते.

रेल्वेचं वेटिंग तिकीट कन्फर्म करून देणारा माणूस आठवा. तो दहा जणांकडून पाचशे-पाचशे घेतो आणि करत काहीच नाही. चार्ट लागल्यावर सहा जणांची तिकिटं आपसूक कन्फर्म होतात. उरलेल्या चौघांचे पैसे तो हसत परत देतो आणि म्हणतो, "साहेब, यावेळी कोटाच कमी होता." सहा जण त्याचे गुण गातात. चौघेही म्हणतात, माणूस प्रामाणिक आहे, पैसे तर परत दिले. प्रवेशाचा एजंट हेच करतो, फक्त पाचशेच्या जागी पन्नास हजार असतात. 'काम झालं नाही तर पैसे परत' ही हमी म्हणूनच त्याच्या बाजूने सोयीची असते. त्याचं काही पणाला लागलेलंच नसतं.

त्यातला जरा हुशार असेल तर तो पर्सेंटाइल बघून गिऱ्हाईक निवडतो. गेल्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे ज्याला ते कॉलेज मिळणारच आहे, त्यालाच फोन करतो. तुमच्या ८७ पर्सेंटाइलची माहिती त्याने त्यासाठीच मिळवलेली असते.

मग सल्लागार हवाच कशाला?

कारण सल्ल्याची गरज खरी आहे. जागा मिळवून देणं हे सल्लागाराचं काम नाही, पण पसंतीक्रम नीट लावायला मदत करणं हे नक्कीच आहे, आणि त्यात भलेभले चुकतात.

नेहमीची चूक सांगतो. मुलाला मनापासून हवं आहे कॉलेज 'अ', पण ते मिळेल असं वाटत नाही. 'ब' मिळण्याची शक्यता दांडगी. मग वडील म्हणतात, "ब पहिला टाक, उगाच हातचं जायला नको." इथेच घात होतो. संगणक यादी वरून खाली वाचतो. 'अ' वर ठेवला आणि तो मिळाला नाही, तर 'ब' वरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. उलट 'ब' वर ठेवला आणि तो मिळाला, तर 'अ' मिळण्याजोगा असूनही संगणक तिथपर्यंत पोचतच नाही. त्यात पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली की ती पक्की होते. 'थांबतो, पुढच्या फेरीत बघू' म्हणता येत नाही. पुढच्या फेऱ्यांत वरचे किती पर्याय असे पक्के होतात, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं, आणि ती पुस्तिका दरवर्षी नव्याने वाचावी लागते. तेव्हा नियम एकच: मनात ज्या क्रमाने हवं आहे, त्याच क्रमाने लिहा. जे मिळालं तरी जाणार नाही, ते यादीत टाकूच नका.

दुसरं काम कटऑफ वाचण्याचं. सीईटी सेल प्रत्येक फेरीनंतर कॉलेजवार यादी जाहीर करतो, फुकट. उघडली की 'जीओपनएस', 'एलओबीसीएच' अशी अगम्य अक्षरं दिसतात आणि माणूस घाबरून सल्लागाराकडे पळतो. वास्तविक पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण आणि एल म्हणजे मुलींसाठी. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर एच म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, एस म्हणजे राज्य पातळीवरची जागा. 'टीएफडब्ल्यूएस' दिसलं तर ती ट्यूशन फी माफ असलेली जागा. अशा पाच टक्के जागा जादा असतात आणि त्यांच्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं. आपल्या रकान्याचे तीन वर्षांचे आकडे एका वहीत शेजारी शेजारी लिहा. एका रविवारचं काम आहे. काही सल्लागार यालाच 'डेटा अ‍ॅनालिसिस पॅकेज' म्हणतात.

तिसरं, कागदपत्रं. नॉन-क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा दाखला, पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे का, जात वैधता प्रमाणपत्र हातात आहे का नुसती अर्जाची पावती, यावरून आरक्षणाची जागा हातची जाते. चांगला सल्लागार पहिल्या भेटीत फाइल उघडायला सांगतो. थापाड्या कागदांबद्दल बोलतच नाही, कारण त्याच्या मते 'ते सगळं आपण मॅनेज करू'.

एवढं काम कुणी मन लावून करत असेल, वेळ देत असेल आणि त्याची फी पावतीवर घेत असेल, तर ती द्यायला काहीच हरकत नाही. डॉक्टरला देतो, वकिलाला देतो, यालाही द्यावी.

तुमच्याकडून घेत नाही, मग कुणाकडून घेतो?

सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. सल्लागाराला पैसे मिळण्याचे मार्ग मोजके आहेत. तुम्ही फी देता; किंवा तुम्हाला जिथे पाठवलं ते कॉलेज त्याला कमिशन देतं; किंवा तो सल्ल्याच्या आडून तिसरंच काहीतरी विकतो.

कमिशनवाला लबाडच असतो असं नाही. पण ज्या कॉलेजातून कमिशन येत नाही, ते त्याच्या तोंडून निघणार नाही. सरकारी कॉलेज कुणालाच कमिशन देत नाही, म्हणून 'मोफत शिबिरा'त सरकारी कॉलेजचं नाव किती वेळा येतं ते मोजून पाहा.

परदेशी शिक्षणाच्या बाबतीत हे उघड चालतं. पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच ऑफिसांत समुपदेशन, अर्ज, निबंध तपासणी सगळं फुकट असतं, कारण विद्यार्थ्याने फी भरून प्रवेश घेतला की परदेशी विद्यापीठ ऑफिसला कमिशन देतं. गंमत म्हणजे अमेरिकेत सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना अमेरिकेतल्याच विद्यार्थ्यांची भरती करणाऱ्यांना डोकेमोजणीने कमिशन देण्यास कायद्याने बंदी आहे. ज्यांना ती सरकारी मदत मिळतच नाही अशा परदेशी विद्यार्थ्यांच्या भरतीला मात्र या बंदीतून सूट आहे. म्हणजे स्वतःच्या मुलांच्या बाबतीत जे त्यांना धोक्याचं वाटलं, ते आपल्या मुलांच्या बाबतीत चालतं. ऑस्ट्रेलियात निदान एक सोय आहे: तिथल्या शिक्षणसंस्थांना आपल्या एजंटांची यादी आपल्या संकेतस्थळावर द्यावी लागते. त्या यादीत समोरच्या ऑफिसचं नाव आहे का, हे पाच मिनिटांत बघता येतं.

कॅनडाचं प्रकरण आठवत असेल. २०२३ मध्ये पंजाबातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना कळलं की ज्या प्रवेशपत्रावर आपण व्हिसा घेतला ते बनावट होतं. एजंटने तिकडे पोचल्यावर 'ती सीट रद्द झाली, दुसरं कॉलेज घे' असं सांगितलं होतं. मुलं शिकली, नोकरीला लागली, आणि कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर कागद खोटा निघाला. जालंधरच्या त्या एजंटला पुढे कॅनडात शिक्षा झाली. डिसेंबर २०२३ पासून तिथलं इमिग्रेशन खातं प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेतं. हीच पडताळणी विद्यार्थ्याने कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर एक ईमेल टाकून केली असती तर? एजंटने दिलेल्या ईमेलवर नव्हे, कॉलेजच्या संकेतस्थळावरून स्वतः शोधलेल्या ईमेलवर.

तिसरा मार्ग अमेरिकेतल्या आपल्या मराठी कुटुंबांच्या जास्त ओळखीचा. तिथे 'कॉलेज प्लॅनिंग'चं मोफत सेमिनार लागतं आणि सांगितलं जातं की सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात, म्हणजे फाफ्सात, बँकेतली बचत मोजतात पण आयुर्विम्याचं मूल्य मोजत नाहीत. हे खरं आहे. पण त्यातून निघणारा सल्ला असतो, 'बचत काढा आणि आमची विमा पॉलिसी घ्या.' सल्लागार विम्याचा एजंट निघतो. फाफ्सा भरायला एक डॉलरही लागत नाही. त्याच्या नावातच 'फ्री' आहे.

तेव्हा भेटीत अगदी साधेपणाने विचारा, "तुम्ही सुचवाल त्या कॉलेजांकडून तुम्हाला काही मिळतं का?" यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. सरळ माणूस 'हो, अमुक-अमुककडून मिळतं' किंवा 'नाही' म्हणतो आणि लिहूनही देतो. दुसरा विषय बदलतो, किंवा 'आज बुक केलंत तर दहा हजार कमी' म्हणतो. मला स्वतःला आजच्या-आज ठरवायला लावणाऱ्याचा सगळ्यात जास्त संशय येतो. प्रवेशाच्या खऱ्या तारखा सीईटी सेल ठरवतो, सल्लागार नाही.

आणि चार गोष्टी त्याच्या हातात कधीच देऊ नका. कॅपच्या लॉगिनचा पासवर्ड. मोबाइलवर आलेला ओटीपी. मुलाचे मूळ दाखले. आणि रोख पैसे. मूळ लीव्हिंग आणि मार्कशीट अडकवून ठेवणं हा एजंटचा जुना हुकमाचा एक्का आहे. खुद्द कॉलेजांनीही मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नयेत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१८ मध्ये बजावलेलं आहे. मग एजंट कोण लागून गेला?

यात आणखी एक बारकावा फारसा कुणी सांगत नाही. अभिमत विद्यापीठांतल्या मेडिकलच्या जागांसाठी एमसीसीकडे २ लाख रुपये अनामत भरावी लागते आणि परतावा ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात येतो. 'तुम्ही मला द्या, मी माझ्या कार्डाने भरतो' असं एजंट म्हणाला, तर पुढे परतावा कुणाकडे जाईल? शेवटी त्याच्यामागे फिरायची वेळ तुमच्यावर येते.

शिष्यवृत्तीचा पैसा नेमका कसा येतो

इथे पैशाची दिशा आणखी स्पष्ट आहे. शिष्यवृत्ती तुमच्याकडे येते. ती मिळवण्यासाठी तुमच्याकडून कुणी पैसे मागत असेल तर प्रवाह उलटा आहे, आणि बहुतेक वेळा एवढीच खूण पुरते.

राज्याच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत: अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, ओबीसींसाठीच्या शिष्यवृत्त्या, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. केंद्राच्या योजना राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. दोन्हीकडे अर्जाला शुल्क नाही. विद्यार्थी अर्ज करतो, कॉलेज तो तपासतं, मग जिल्ह्याचं किंवा विभागाचं कार्यालय तपासतं, आणि मंजूर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. पैसे आधारच्या नोंदीवरून जातात, म्हणून फोनवर कुणी 'खातं नंबर सांगा, कार्डाचे मागचे तीन आकडे सांगा' म्हणायचं काही कारणच उरत नाही. आपल्या आधारला नेमकं कुठलं खातं जोडलंय ते मात्र बँकेत जाऊन खात्री करून घ्या. अनेकांचे पैसे विसरलेल्या जुन्या खात्यात पडून असतात.

आता असा एक मेसेज घेऊ. नमुना म्हणून मी लिहिलाय, पण वाण हाच असतो:

'प्रिय विद्यार्थी, आपली ₹४८,०००ची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे. आज सायं. ५ पर्यंत ₹१,४९९ प्रक्रिया शुल्क न भरल्यास रक्कम शासनजमा होईल.'

ज्याला ४८ हजार द्यायचे आहेत तो त्यातूनच दीड हजार कापून घेऊ शकतो, त्याला तुमचे कशाला हवेत? सरकारी कारभार आज सायंकाळी पाचपर्यंत चालत नाही. ज्यांचा अर्ज महिनोन्महिने 'तपासणी सुरू' वर अडकलाय त्यांना हे चांगलं ठाऊक आहे. आणि 'शासनजमा' हा शब्द मुद्दाम भीती घालायला. गेलेले १,४९९ ही बहुतेकदा सुरुवात असते. मग 'जीएसटी', मग 'फाइल चार्ज', मग 'पैसे खात्यात घेण्यासाठी यूपीआय पिन टाका'. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, फक्त देताना लागतो. लिंकऐवजी 'लाभार्थी यादी' नावाचं अ‍ॅप उतरवायला सांगितलं तर त्याहून वाईट. ते फोनमधले ओटीपी वाचू शकतं.

संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन'ने संपतो का ते पाहा, हा सल्ला योग्य आहे, पण पूर्ण नाही. सीईटी सेलचा अधिकृत पत्ता 'महासीईटी डॉट ओआरजी' असा संपतो. म्हणून मेसेजमधल्या लिंकवर न जाता पत्ता माहितीपुस्तिकेतून किंवा कॉलेजच्या नोटीस बोर्डावरून घ्यावा.

पैसे मागितले म्हणजे फसवणूकच, हा नियम फक्त शिष्यवृत्तीपुरता ठेवा. प्रवेशाच्या अर्जाला, जागा स्वीकारायला अधिकृत शुल्क असतं, ते पोर्टलवरच भरायचं. अमेरिकेतली काही खासगी कॉलेजं आर्थिक मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज मागतात, त्यालाही शुल्क आहे आणि तो अस्सल आहे.

खासगी क्लास आणि काही संस्था घेतात ती 'शिष्यवृत्ती परीक्षा' हा वेगळाच प्रकार. 'तुमच्या मुलाला ७० टक्के स्कॉलरशिप लागली' म्हणजे दीड लाखाच्या छापील फीवर सूट. साडी सेलमध्ये घेतली म्हणून शिष्यवृत्ती मिळाली असं आपण म्हणत नाही.

मोठ्या पातळीवर गैरप्रकार विद्यार्थ्यांच्या नावावरच होतात. २०२३ मध्ये केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीत तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० बोगस निघाल्या आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. 'तुझं आधार आणि पासबुक दे, सही कर, पाच हजार तुझे' असं म्हणून कुणी आलं तर आपण लाभार्थी बनत नाही, आरोपीच्या यादीत बसतो.

एजंटची जागा आणि शिष्यवृत्ती एकमेकींना मारतात

हे लोकांना उशिरा कळतं, म्हणून वेगळं सांगतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. म्हणजे एजंटला पैसे देऊन 'थोडं बरं' कॉलेज घेतलं, तर एजंटचे गेले ते गेलेच, शिवाय चार वर्षांची फीमाफीही गेली. एजंट हे सांगत नाही. विचारल्यावरही 'नंतर बसवून देऊ' म्हणतो. घरी मुलगी असेल तर हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय कुठल्याही ऑफिसची पायरी चढू नका.

'आम्हाला ऑनलाइनचं काही कळत नाही हो'

रास्त आहे. वीस स्क्रीनचा इंग्रजी फॉर्म पाहून कुणीही बावरेल. पण यासाठी सल्लागार लागत नाही, हात धरून फॉर्म भरून देणारा लागतो, आणि तो स्वस्तात मिळतो. कॅपसाठी नेमलेल्या तपासणी केंद्रांवर बसलेले प्राध्यापक शंका सांगतात. शिष्यवृत्तीसाठी कॉलेजचा शिष्यवृत्ती विभागाचा क्लार्क हा सगळ्यात कामाचा माणूस. अर्ज परत का आला हे त्यालाच दिसतं. त्याच्याशी गोडीगुलाबीने राहा.

नेट कॅफेत किंवा सेवा केंद्रात फॉर्म भरलात तर भरण्याचे पैसे देणं ठीक आहे. पण मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाकायला लावा. घाईत कॅफेवाला स्वतःचा नंबर टाकतो, त्यात त्याचा वाईट हेतू असतोच असं नाही; पुढे मात्र प्रत्येक ओटीपीसाठी तुम्हाला त्याच्या दुकानात जावं लागतं आणि ऐन जागा स्वीकारायच्या दिवशी दुकान बंद असतं. भरलेल्या पसंतीक्रमाची छापील प्रत घ्या आणि घरी मुलाने एकेक ओळ मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने वहीतल्या यादीशी ताडून पाहावी. शाखेचा कोड एका आकड्याने चुकला की मेकॅनिकलच्या जागी टेक्सटाइल होतं.

पैसे गेलेच असतील तर

लाजेने गप्प बसणं एजंटच्या फायद्याचं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि बँकेत लेखी अर्ज.

रोख दिले असतील तर पुरावा गोळा करा: चॅट, कॉल रेकॉर्ड, व्हिजिटिंग कार्ड, ज्या दिवशी बँकेतून पैसे काढले त्याचं स्टेटमेंट. मग पोलिस ठाण्यात फसवणुकीची तक्रार. ज्याने पावती देऊन सेवा कबूल केली आणि दिली नाही, अशा सल्लागाराविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घ्या. कॉलेजनेच ठरल्यापेक्षा जास्त फी मागितली असेल, तर शुल्क नियामक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा.

लॉगिन दुसऱ्याच्या हातात गेलं असेल तर फेरी सुरू असतानाच पासवर्ड बदला. नंबरही त्याचाच असेल तर ओळखपत्र घेऊन स्वतः तपासणी केंद्रावर जा. मूळ दाखले एजंट देत नसेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. तीच पोच जोडून शाळेकडे लीव्हिंगच्या आणि बोर्डाकडे गुणपत्रिकेच्या दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. बोर्डाच्या कामाला वेळ लागतो, म्हणून त्याच आठवड्यात करा. मूळ कागद दाखवायची शेवटची तारीख तोवर पुढे सरकत नाही.